डिझेल इंजिनाची नवी बॅटरी: निवड आणि पारख

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही आणि बंदरही नाही. तथापि जलाशयांची येथे वाण नाही, आणि जेथे जलाशय आहे तेथे आज ना उद्या डिझेल इंजिन बसविलेली नाव येतेच. देऊळगाव राजा तालुक्यातील खडकपूर्णेच्या जलाशयात, ज्याला संत चोखामेळ्यांच्या नावावरून लोक चोखासागर म्हणतात, तळाची रेती चोरून उपसण्यासाठी अशा बोटी उतरविल्या जातात आणि महसूल खात्याची पथके त्या पकडून नष्ट करतात, हे वृत्त जिल्ह्यातील वर्तमानपत्रे वाचणाऱ्यास नवे नाही. अशा बोटींची भलामण करण्याचे कारण नाही. परंतु बोटीत असलेले इंजिन आणि चिखली, मेहकर वा नांदुऱ्याच्या शेतकऱ्याच्या गोठ्याशेजारी उभ्या असलेल्या ट्रॅक्टरातील इंजिन ही एकाच कुळातील भावंडे होत, आणि चालू होण्याच्या घटकेस ती दोघेही बॅटरीपाशी एकच मागणी करतात. म्हणून या प्रकरणात ट्रॅक्टर मुख्य धरून विवेचन केले आहे, आणि पाण्यावरील इंजिनाचा व्यवहार जेथे निराळा आहे तेथे तो स्वतंत्रपणे सांगितला आहे.

इंजिनाची मागणी

रुडॉल्फ डिझेल या जर्मन यंत्रशास्त्रज्ञाने १८९७ साली आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले. त्यात पेट्रोल इंजिनाप्रमाणे ठिणगी पाडणारा प्लग नसतो. सिलिंडरात शिरलेली हवा पिस्टन तिच्या आकारमानाच्या सोळाव्या ते विसाव्या हिश्शापर्यंत दाबतो, त्या दाबाने ती पाचशे अंश सेल्सिअसहून अधिक तापते, आणि अशा तप्त हवेत फवारलेले तेल आपोआप पेट घेते. परंतु ही उष्णता निर्माण होण्यासाठी दाबण्याची क्रिया झपाट्याने व्हावी लागते. इंजिन मंद गतीने फिरले तर तापलेली हवा आपली उष्णता थंड लोखंडास देऊन मोकळी होते आणि तेल धूर होऊन बाहेर पडते. सबब डिझेल इंजिन नुसते फिरविणे पुरेसे नसून ते मिनिटाला शंभरावर फेरे या हिशेबाने फिरविणे आवश्यक असते.

विहिरीवरील जुन्या एक-सिलिंडरी इंजिनात हे काम माणूस करीत असे. झडप उचलून धरणारा खटका दाबायचा, हँडल मारून जड चाकास वेग द्यायचा, आणि वेग भरला की खटका सोडायचा, ही त्याची रीत वऱ्हाडातल्या पन्नाशीपुढच्या पुष्कळ शेतकऱ्यांच्या हाताला अजून स्मरत असेल. तीन-चार सिलिंडरांच्या इंजिनास मात्र मनुष्याचे बाहुबळ अपुरे पडते. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या सुमारास कॅडिलॅक मोटारींत आला, आणि पुढे त्याच तत्त्वावरील यंत्र डिझेल इंजिनाच्या कुशीत स्थिर झाले. आपल्याकडे त्याला 'सेल्फ' म्हणतात. सेल्फला वीज पुरविणारी शिशाची बॅटरी त्याहूनही जुनी: गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने ती १८५९ साली तयार केली, आणि कामीय फोर याने १८८१ साली पट्ट्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप देण्याची युक्ती काढून तिला व्यवहारोपयोगी रूप दिले.

साठा आणि प्रवाह

बॅटरीच्या एका कप्प्यात तपकिरी रंगाच्या शिशाच्या ऑक्साइडची धन पट्टी, राखाडी रंगाच्या सच्छिद्र शिशाची ऋण पट्टी आणि या दोहोंमध्ये पाणी मिसळलेले गंधकाम्ल असते. वीज घेतली की दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट बनते आणि आम्ल पातळ होते. वीज परत भरली की हाच क्रम उलटतो. असा एक कप्पा, ज्याला मिस्त्री 'सेल' म्हणतात, सुमारे दोन व्होल्टचा असतो. असे सहा जोडले की आपण जिला बारा व्होल्टची म्हणतो ती बॅटरी होते, आणि ती पूर्ण भरलेली व विसावलेली असता तिचे माप १२.६ व्होल्टच्या थोडे वरच येते.

ग्राहक दुकानात जातो तो बहुधा एकच आकडा मनात धरून: अँपिअर-तासांचा. ट्रॅक्टरासाठी तो साधारणतः ७५ ते १०० च्या दरम्यान असतो. हा आकडा साठ्याचा आहे, आणि सेल्फला साठ्याची गरज किती अल्प असते हे एका साध्या हिशेबाने दिसते. सेल्फने तीन सेकंद ३०० अँपिअर वीज ओढली असे धरा. एकूण वीज ९०० अँपिअर-सेकंद, म्हणजे केवळ पाव अँपिअर-तास झाली. ८८ अँपिअर-तासांच्या बॅटरीतून हा साडेतीनशेवा हिस्सा होय, आणि इंजिन चालू झाल्यावर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाने फिरणारे जनित्र, तो काही मिनिटांतच भरून काढतो. विहिरीत पाणी किती आहे हा प्रश्न वेगळा आणि एका क्षणी पाटात किती मोठी धार पडते हा प्रश्न वेगळा. सेल्फला प्रयोजन आहे ते धारेचे.

ही धार पट्ट्यांच्या पृष्ठभागावर अवलंबून असते. म्हणून इंजिन चालू करणाऱ्या बॅटरीत पातळ पट्ट्या पुष्कळ संख्येने बसविलेल्या असतात, तर घरातील इन्व्हर्टरच्या बॅटरीत जाड पट्ट्या थोड्या असतात. त्यांतही नळीदार, म्हणजे ट्यूब्युलर, जात तासन्‌तास मंदपणे वीज देण्यास योग्य असते. इन्व्हर्टरची दीडशे अँपिअर-तासांची बॅटरी घरी आहेच, तर तीच ट्रॅक्टरास लावावी, असा काटकसरीचा विचार अनेकांच्या मनात येतो. वजनाने आणि आकड्याने मोठी असूनही ती सेल्फच्या झटक्यासाठी घडविलेली नसते. उलटपक्षी, ट्रॅक्टराची बॅटरी रात्रभर दिवे जाळण्यास लावली तर तिच्या पातळ पट्ट्यांवरचा लेप गळून तळाशी बसतो आणि काही महिन्यांतच ती निकामी होते.

आरोप सिद्ध करणे

नवी बॅटरी घेण्यापूर्वी जुनी खरोखर संपली आहे काय, याची चौकशी करणे अगत्याचे आहे. कारण सेल्फ उचलत नाही एवढ्या एका पुराव्यावर निर्दोष बॅटरीस शिक्षा झाल्याची प्रकरणे कोणत्याही गॅरेजात पाहावयास मिळतात. इंजिन बंद करून रात्रभर विसावलेल्या बॅटरीचे माप मीटरने घ्यावे. १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे सुमारे अर्धी, आणि १२ च्या खाली म्हणजे उतरलेली, असे स्थूलमानाने समजावे. माप १०.५ च्या आसपास येऊन चार्ज करूनही वर सरकत नसेल तर एक सेल मेलेला आहे असे मानण्यास प्रत्यवाय नाही.

झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर आम्लाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरचा पुरावा याहून अधिक विश्वासार्ह असतो. भरलेल्या सेलमधील आम्लाची घनता १.२५ ते १.२८ च्या दरम्यान असते. सहाही सेल सारखे उतरलेले असतील तर दोष बॅटरीचा नसून तिला भरणाऱ्या अल्टरनेटराचा, त्याच्या पट्ट्याचा किंवा रात्री चालू राहिलेल्या एखाद्या दिव्याचा असू शकतो. परंतु पाच सेल १.२६ दाखवितात आणि एकच १.१५ दाखवितो, असे आढळले तर त्या बॅटरीस निरोप देण्यास हरकत नाही.

यानंतर केबलची पाळी येते. सेल्फ मारताना बॅटरीच्या दोन खुंट्यांवर ९.६ व्होल्टहून अधिक माप टिकते, आणि तरीही इंजिन कण्हत फिरते, असे दिसले तर वीज वाटेत अडते आहे हे निश्चित. खुंटीवर पांढरा-हिरवा क्षार चढलेला असतो, क्लॅम्प सैल असतो, किंवा ऋण केबलचा दुसरा शेवट जेथे चेसिसला आवळला आहे तेथे गंज व रंग यांचा थर असतो. अशा एका सांध्याचा अडथळा केवळ ०.००३ ओहम इतकाच असला, तरी ३०० अँपिअरच्या प्रवाहात तेथे ०.९ व्होल्ट गमावले जातात. गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून खुंट्या धुवाव्या, कोरड्या कराव्या, घट्ट आवळाव्या आणि वर ग्रीसचा हात फिरवावा. पुष्कळदा येथेच तक्रार निकालात निघते आणि काही हजारांचा खर्च वाचतो.

घाटावर आणि घाटाखाली

बॅटरीच्या निवडीसंबंधी जो मजकूर परदेशी पुस्तकांत आढळतो तो मुख्यतः थंडीच्या भीतीने लिहिलेला असतो. 'सीसीए' हा आकडा पाहा: उणे १८ अंश सेल्सिअस तापमानात, तीस सेकंदांपर्यंत, ७.२ व्होल्टच्या खाली न जाता बॅटरी किती अँपिअर देऊ शकते, हे तो सांगतो. कॅनडाच्या शेतकऱ्यास तो आकडा जीवनमरणाचा असेल. आपल्याकडे बुलढाणा शहर अजिंठ्याच्या रांगेवर साडेसहाशे मीटरच्या आसपास उंचीवर वसलेले असूनही, तेथील कडक थंडीतदेखील पाणी गोठण्याची पाळी येत नाही. दोन बॅटऱ्यांच्या धारेची तुलना करण्यास हा आकडा उपयोगी आहे, परंतु त्यापायी अधिक पैसे मोजण्याचे कारण या जिल्ह्यात नाही.

येथील शत्रू ऊन आहे. जिल्ह्याचे घाटावरचे व घाटाखालचे असे दोन भाग लोक पूर्वापार मानतात. राजूर घाट उतरून मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद या पूर्णेच्या सखल खोऱ्यात आपण आलो की मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढलेला असतो, आणि दुपारी उभ्या ट्रॅक्टराच्या बॉनेटाखाली त्याहून कितीतरी अधिक उष्णता कोंडलेली असते. २५ अंशांच्या वर दर दहा अंशांमागे शिशाच्या बॅटरीचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते, असा या शास्त्रातील स्थूल नियम आहे. उष्णतेने धन पट्टीची जाळी झपाट्याने गंजते, पाणी उडून जाते, आणि काही काम न करता बसलेली बॅटरीही लवकर उतरते. विशेष असे की उन्हाळ्यात आम्ल चपळ असल्यामुळे रोगट बॅटरीही सेल्फ उचलते. तिचे दुखणे उघडे पडते ते पहिल्या गारव्यात, आणि मालक दोष थंडीला देतो.

ऊन हा पहिला शत्रू, तर कंप दुसरा आणि स्वस्थता तिसरा. पुष्कळ ट्रॅक्टरांत बॅटरी रेडिएटरच्या पुढे, म्हणजे पुढच्या आसाच्या जवळपास बसविलेली असते. ढेकळांतून आणि शिवरस्त्याच्या खड्ड्यांतून बसणारा प्रत्येक हिसका तिला पोहोचतो. तिला आवळून धरणारी पट्टी तुटली की सुतळीने वा सायकलच्या ट्यूबने बांधून काम भागविले जाते, आणि आतील पट्ट्यांवरचा लेप हादऱ्यांनी झडत राहतो. स्वस्थतेचा परिणाम याहून गुप्त असतो. पेरणीचा आणि सोयाबीनच्या मळणीचा हंगाम सोडला तर अनेक ट्रॅक्टर आठवडेच्या आठवडे उभे असतात. उतरलेल्या स्थितीत राहिलेल्या पट्ट्यांवरील सल्फेटचे बारीक कण हळूहळू मोठे व कठीण स्फटिक बनतात, आणि मग चार्जरलाही ते दाद देत नाहीत. सेल्फचा भरवसा उरला नाही की मालक, घरंगळवून इंजिन चालू करता यावे म्हणून, ट्रॅक्टर उतारावर उभा करू लागतो. उतार हा बॅटरीवरचा उपाय नव्हे, हे सांगावयास नको. ब्रेकवर उभ्या असलेल्या यंत्रापासून लहान मुलांस होणारा धोका त्यात अधिकचा असतो.

निवडीची कलमे

पहिले कलम असे की इंजिनाच्या निर्मात्याने पुस्तिकेत जी बॅटरी फर्माविली असेल तिच्याहून हलकी घेऊ नये. थोडी मोठी घेतली तर नुकसान नाही, मात्र ती पेटीत नीट बसली पाहिजे आणि धन-ऋण खुंट्या पूर्वीच्याच बाजूंस आल्या पाहिजेत. अन्यथा केबल ताणली जाते किंवा बॉनेटाच्या पत्र्यास खुंटी टेकण्याची भीती राहते. धन खुंटी ऋण खुंटीहून किंचित जाड असते, हे बोटांनाही जाणवते.

दुसरे कलम जातीचे. झाकणे उघडून पाणी घालता येते अशी, कमी अँटिमनीच्या मिश्रधातूची बॅटरी आणि कॅल्शियमच्या मिश्रधातूची बंद, 'मेंटेनन्स फ्री' म्हणविली जाणारी बॅटरी, हे दोन मुख्य पर्याय होत. बंद बॅटरीचे पाणी कमी उडते, पण एकदा पूर्ण उतरली तर ती सहजासहजी पूर्वपदावर येत नाही. घाटाखालच्या उन्हात, आणि मालक महिन्यातून एकदा झाकण उघडून डिस्टिल पाणी घालण्याचा दस्तूर पाळणारा असेल तर, उघडणारी बॅटरी अधिक शहाणपणाची ठरते. ज्याच्याने तेवढे होत नाही त्याने बंद बॅटरी घ्यावी. 'एजीएम' जातीत आम्ल काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेले असते. ती हादरे उत्तम सोसते, परंतु किंमत पुष्कळ अधिक, आणि अति उष्णतेत एकदा सुकली की तिला पाणी देता येत नाही. लिथियमच्या बॅटऱ्या वजनाला हलक्या खऱ्या. तथापि त्यांचा संरक्षक मंडल प्रवाह एकाएकी तोडू शकतो आणि त्या झटक्याने अल्टरनेटर बिघडू शकतो, म्हणून जुन्या यंत्रास त्या नुसत्या बदली म्हणून लावणे इष्ट नाही.

तिसरे कलम तारखेचे. बॅटरी दुकानाच्या फळीवरही वृद्ध होते. अंगावर छापलेल्या संकेतांकातून निर्मितीचा महिना व वर्ष दुकानदाराकडून वाचून घ्यावे, आणि आम्ल भरलेली बॅटरी सहा महिन्यांहून जुनी असेल तर ती नाकारावी. कोरडी आलेली बॅटरी दुकानात आम्ल भरून दिली जाते. तशी देताना प्रथम चार्ज पूर्ण करून देण्याचा आग्रह धरावा, कारण घाईगर्दीत हीच पायरी गाळली जाते आणि नवी बॅटरी अर्धवट शक्तीने आयुष्याला आरंभ करते. मीटर लावून १२.६ पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत. 'रिकंडिशन' केलेली म्हणून जी स्वस्त बॅटरी मिळते तिच्या पोटात कोणत्या पट्ट्या आहेत हे विकणाराही बहुधा जाणत नसतो.

चौथे कलम कागदाचे. वॉरंटीची मुदत वाचताना बदली फुकट मिळण्याची मुदत किती आणि पुढे अंशतः सूट मिळण्याची किती, हे दोन आकडे निरनिराळे लिहून घ्यावे, आणि कार्डावर तारीख व शिक्का घ्यावा. जुनी बॅटरी दुकानदारास परत देऊन तिची किंमत वजा करून घ्यावी. शिसे हे विष आहे. २००१ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याचे बंधन घातले आणि २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती जबाबदारी उत्पादकांवर अधिक स्पष्टपणे टाकली. आम्ल नालीत ओतून पट्ट्या भंगारात विकणे हा आपल्याच विहिरीच्या पाण्यावर केलेला अन्याय होय.

पाण्यावरील इंजिन

नावेच्या बाबतीत यात तीन गोष्टींची भर पडते. कोकण किनाऱ्यावरील यांत्रिक मासेमारी नौकांत ट्रकच्या जातीची मोठी इंजिने असतात आणि त्यांचा सेल्फ बहुधा २४ व्होल्टचा असतो. त्यासाठी १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडतात. अशा जोडीतील एक बिघडली तर दोन्ही एकदम बदलाव्या, कारण जुनी व नवी यांना एका जुवाखाली जुंपले तर जुनी पूर्ण भरत नाही आणि नवी अति भरली जाते. दुसरे असे की दिवे, बिनतारी यंत्र आणि मासे शोधण्याचे यंत्र यांसाठी वेगळी बॅटरी ठेवून सेल्फची बॅटरी तिच्यापासून कळीने तोडता यावी. ट्रॅक्टर बंद पडला तर शेजारी धावून येतो. भर समुद्रात धक्का मारण्यास कोणी नसते. तिसरे असे की बॅटरी नावेच्या तळात साचणाऱ्या पाण्याच्या पातळीहून उंच, बंद पेटीत पण हवेशीर आणि पट्ट्यांनी आवळलेली असावी. समुद्राचे पाणी आम्लात शिरले तर क्लोरिन हा घातक वायू सुटतो. जिल्ह्यातील जलाशयांचे पाणी गोडे असल्याने ती भीती येथे नाही. कंप, ऊन आणि एकटेपणा मात्र तोच आहे.

बसविताना

जुनी काढताना ऋण केबल आधी सोडावी, नवी बसविताना ती शेवटी जोडावी. म्हणजे हातातील पाना चुकून चेसिसला लागला तरी ठिणगी पडत नाही. चार्ज होत असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत त्याचे प्रमाण शेकडा चारपर्यंत गेले की तो पेट घेऊ शकतो, म्हणून झाकणात डोकावताना विडी वा काडी जवळ असू नये. पाणी घालताना डिस्टिलच घालावे, आम्ल घालू नये. बाष्प होऊन उडते ते पाणी, आम्ल आतच राहते. इंजिन चालू झाल्यावर खुंट्यांवर १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळतात काय हे पाहावे. त्याहून पुष्कळ अधिक मिळत असतील तर नवी बॅटरीही उकळून जाईल, आणि १३ च्या आत असतील तर ती उपाशी मरेल. दोन्ही स्थितींत दुरुस्ती अल्टरनेटराची करावयाची असते.

सारांश, या जिल्ह्यात डिझेल इंजिनासाठी बॅटरी घेणाऱ्याने आधी खुंट्या व केबल तपासाव्या, मग पुस्तिकेतील आकडा पाहावा, त्यानंतर निर्मितीची तारीख, आणि सर्वांत शेवटी किंमत. घेतलेली बॅटरी घट्ट आवळावी, हंगाम नसताना महिन्यातून एकदा मीटर लावावा आणि माप १२.४ च्या खाली गेल्यास चार्ज करावी. एवढा बंदोबस्त ठेवणाऱ्याची मध्यम किमतीची बॅटरी, हयगय करणाऱ्याच्या महागड्या बॅटरीहून अधिक काळ टिकते.